आप्पांची गाठ

"मल्लू, इथं बोट ठेव."

माझ्याच ट्रंकेवर, दोरी जिथं दोरीवर चढत होती तिथं मी बोट ठेवलं. आप्पांनी ट्रंकेवर गुडघा रोवला, दातओठ खाऊन काथ्या ओढला, आणि मी बोट कसंबसं सोडवून घेईपर्यंत गाठ बसलीसुद्धा.

"आता ही बार्शीपर्यंत हलत नाही," असं म्हणून ते हात झटकत उठले.

गादीची वळकटी झाली होती. भिंतीवरची माझी खुंटी रिकामी झाली होती. शेजारच्या खाटेवर पद्या दळवी, माझा चिपळूणचा दोस्त, तोंड पाडून बसला होता. मी सगळा धीर गोळा केला.

"आप्पा, मला नाही यायचं."

"तुला कोण विचारतंय?" आप्पा म्हणाले. रागानं म्हणाले असते तर परवडलं असतं. गिऱ्हाइकाला ज्वारीचा भाव सांगावा तसं म्हणाले.

आमचं बार्शीत भुसार मालाचं दुकान. उंबरज्यांच्या दुकानातून निघालेलं पोतं वाटेत सुटलं असं कुणी म्हणून तर दाखवावं! हमालानं बांधलेली प्रत्येक गाठ आप्पा स्वतः ओढून बघत, आणि पटली नाही की सोडून पुन्हा बांधत. प्रत्येक वेळी पटायचीच नाही. आईनं पापडाच्या डब्यावर फडकं बांधलं तरी येता-जाता ते सोडून पुन्हा बांधणार. आई म्हणायची, "ह्यांच्या हाताला चैन म्हणून नाही." आणि गाठी जशा बांधत, तशाच घरातल्या सगळ्यांच्या गोष्टीही तेच ठरवत. माझ्या तिन्ही बहिणींची लग्नं त्यांनीच ठरवली, आणि मला सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ह्या मुलांच्या शाळेत घालायचंही त्यांनीच ठरवलं. पहिल्या वर्षी मी रडलो तर म्हणाले, रडू नको, शिक. आता नववीत आलो होतो, शाळेत जीव रमला होता, तर म्हणत होते, चल घरी.

कारण घडलं होतं. आमच्या शाळेत महिन्याला एक मोहीम निघायची. दिवाळीच्या आधीच्या मोहिमेत आठवीतला एक मुलगा ओढ्यातल्या शेवाळावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. ही बातमी बार्शीच्या बाजारात पोचेपर्यंत दोन्ही पाय मोडले होते, आणि आमच्या घरी पोचली तेव्हा पोरगं जगतंय की नाही इथपर्यंत आली होती. आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. मी दिवाळी करून शाळेत परतलो आणि आठवड्याच्या आत आप्पा मागोमाग हजर झाले.

"शिकायला घातलंय गुरुजी, माकडचाळे करायला नाही," त्यांनी पोतनीस सरांना सांगितलं. "दहावी बार्शीतही होतीय. आणि नाही झाली तरी दुकान आहे."

पोतनीस सर आम्हाला भूगोल शिकवायचे. काटकुळा माणूस, बारा महिने खाकी अर्धी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट. ते वाद घालत बसले नाहीत.

"तुमचा मुलगा आहे, अवश्य न्या," ते म्हणाले. "फक्त उद्या मोहीम आहे, ती एकदा स्वतः बघा. परवा दाखला तयार ठेवायला सांगतो."

"बघायला काय जातंय," आप्पा म्हणाले. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलं तरी नेणारच आहे. उगा आशा लावून घेऊ नको."

मी आशा लावून घेतलीच. माझ्याकडे एक दिवस होता.

*

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पोरं तोंडावर हात धरून हसत होती. धोतर, कोट, डोक्याला काळी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा, असा थाट करून आप्पा मोहिमेला निघाले होते. खांद्याला पिशवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पठार संपेपर्यंत हसणं थांबलं, कारण आप्पा चालायला भारी निघाले. दम न लागता बोलत होते, आणि वर पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून पोरांना वाटत होते. पद्यानं चटणी बोटानं चाटली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढं केला.

"मल्ल्या, तुझे वडील झकास आहेत रे," तो म्हणाला. "तुला नेताहेत तेवढं सोडून."

आम्हाला सुपाच्या नाळेनं खाली कोकणात उतरायचं होतं. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली धोंड्यांनी भरलेली घळ. वरून निमुळती, खाली जाऊन सुपासारखी पसरलेली. धोंड्यांवरून उड्या मारत अर्धी नाळ उतरलो आणि मग तो कातळ आला. तीनेक पुरुष उंचीचा, सरळ खाली गेलेला, मधे मधे पाय ठेवायला खोबण्या. कातळाच्या माथ्यावर एक जुनं जांभळीचं झाड होतं. त्याला दोर बांधायचा आणि दोराला धरून, कातळाकडे तोंड करून उतरायचं. सगळ्यात शेवटी पद्या. तो गाठ सोडून दोर झाडाभोवती दुहेरी घालायचा, दोन्ही पदर धरून उतरायचा आणि मग एक टोक ओढून सगळा दोर खाली घ्यायचा.

दोर बांधायचा मान त्या दिवशी माझा होता. माझी शेवटची मोहीम म्हणून सरांनी तो मला दिला, असं पद्याचं मत. मी सदऱ्याला हात पुसले, जांभळीला दोन वेढे घातले, गाठ मारली, वर आणखी एक अडसराची गाठ मारली, पाय झाडाला लावून सगळ्या अंगाचा भार देऊन ओढली. घट्ट बसली होती. दोर खाली सोडला आणि मी कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिलो.

"थांब," आप्पा म्हणाले.

मला वाटलं आता नको म्हणणार. पण ते झाडापाशी गेले. वाकले. गाठीला बोटानं टोचलं, चाचपलं. मी ओळखलं काय होणार ते, आणि तोंड उघडेपर्यंत झालंही. आप्पांनी माझी गाठ सोडली, दोराला पीळ दिला, झाडाला गुडघा लावला, आणि पोत्याला मारतात ती त्यांची गाठ मारून मोकळे झाले.

"ही बघ गाठ," ते म्हणाले. "हत्ती बांधला तरी सुटायची नाही."

पद्याच्या तोंडून फक्त "आयला!" निघालं. सगळे सरांकडे बघायला लागले, आणि सर आप्पांकडे.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. "बांधली की चांगली."

"चांगलीच बांधलीत शेठ," सर म्हणाले. "पण आता गाठ तुमची झाली."

"मग?"

"आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची गाठ, तो आधी उतरतो. बाकीचे त्याच्या मागून."

रीत खरीच होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडलेली कुणी पाहिली नव्हती. हेडमास्तर एकदा मोहिमेला आले आणि हौसेनं दोर बांधून बसले, तेव्हा त्यांनाही आधी उतरायला लागलं होतं. आप्पा हसले. मग कुणीच हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कातळाच्या कडेला जाऊन खाली पाहिलं आणि चटकन दोन पावलं मागं आले.

आमच्या आप्पांना उंचीची भीती वाटते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माडीवरच्या गच्चीत ते कधी कठड्याशी जायचे नाहीत, ते कामात असतात म्हणून, असं मी धरून चाललो होतो.

"ही काय रीत झाली?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "माल बांधणारा बांधतो, नेणारा नेतो. मी काय प्रत्येक पोत्याबरोबर ट्रकवर चढून बसतो का?"

"पोत्याला काही वाटत नाही ना शेठ," सर म्हणाले. "हवं तर आल्या वाटेनं परत जाऊ. त्यात कमीपणा नाही. पण तुकडी फोडत नाही आम्ही. परत तर सगळेच परत."

झालं! आप्पा आता "चला परत" म्हणणार, एवढं चालून आलेली पोरं माझ्या बापामुळं माघारी वळणार, आणि उद्या मी ट्रंक उचलून बसस्टँडवर उभा असणार. मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हाका मारायला लागलो.

आप्पांनी वहाणा काढल्या. कोट काढला, घडी करून धोंड्यावर ठेवला, त्यावर टोपी. धोतराचा काचा मारला. दोर हातात घेतला, माझ्यासारखेच पाठमोरे झाले, आणि एक पाय मागं टाकून त्यांनी खोबण चाचपली. स्वतःची गाठ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्याकडे ते बघत राहिले. बघता बघता त्यांच्या कपाळावर घाम साचला आणि तो पाय हळूच वर आला.

"मला नाही जमणार रे मल्लू," ते माझ्याकडेच बघून म्हणाले.

बारा पोरांच्या देखत बार्शीच्या रेवणसिद्ध उंबरज्यांनी असं म्हणणं! मला रडू यायला लागलं. आप्पांना कुणी हसलं असतं तर मी त्याला तिथंच लोळवला असता, पण कुणी हसलं नाही. मी त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिलो.

"तू उतरला असतास?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "तुझ्या त्या गाठीवर?"

"हो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर वर आणखी एक गाठ मारतो, अन् मग भार देऊन बघतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच कुणाचा पोरगा आहे. मग ते वाकले आणि आपली गाठ आपण सोडायला लागले. सुटल्यावर दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

"बांध. बघू दे मला."

मी वेढे घातले. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझे हात थरथरायला लागले. वर्षभर गाठी मारत होतो, डोळे मिटूनही मारायचो, पण त्या वेळी दोराचं टोक फासातून जाईना. मी सोडली, पुन्हा मारली. अडसराची गाठ मारली. भार देऊन ओढली. पुन्हा ओढली. आप्पा शेजारी उभे होते, पण त्यांनी बोट लावलं नाही. त्यांचे हात शिवशिवत होते, ते त्यांनी पाठीमागं धरून ठेवले होते.

मी उतरलो. कसा उतरलो ते आठवत नाही, इतकं माझं चित्त वर होतं. खाली पोचून मी दोराचं टोक कमरेभोवती घेतलं, पाय रोवले आणि ओरडलो, "या आप्पा!"

मग आधी एक अनवाणी टाच दिसली.

"डावा पाय खाली घ्या," मी ओरडलो. "आणखी खाली. आणखी. आहे खोबण, घाबरू नका!"

आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांना काय करायचं ते सांगत होतो आणि ते मुकाट्यानं ऐकत होते. उजवा म्हटलं की उजवा, थांबा म्हटलं की थांबत होते. खाली बघू नका म्हटलं तर मान कातळाला चिकटवून राहिले. निम्मा कातळ झाला आणि काच्याचं टोक सुटून त्यांच्या पायाखाली आलं. पाय घसरला. दुसराही सुटला. आप्पा दोराला लोंबकळले, अंग गर्रकन फिरलं आणि खांदा कातळावर आपटला. वर जांभळीची पानं सळसळली. मी दोर अंगाशी आवळला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हाही आप्पा तिथंच होते.

"मल्लू," वरून आवाज आला. आवाज बसला होता. "पाय कुठं ठेवू?"

"उजवा. गुडघ्याच्या खाली. हां. तिथंच. आता डावा."

ते खाली आले ते थेट धोंड्यावर बसले. तळहात सोलवटले होते, खांद्यावर सदरा फाटला होता. मी काही विचारणार, तेवढ्यात म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले. मग वर, कातळाच्या माथ्याकडे, पद्या शेवटचा उतरून दोर खाली ओढेपर्यंत एकटक बघत राहिले. कोट, टोपी आणि वहाणा पद्यानंच पिशवीत घालून आणल्या होत्या. आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली.

पुढची वाट सोपी होती. आप्पा सगळ्यांच्या मागून सरांबरोबर चालले. काय बोलत होते ते मला कळलं नाही. खालच्या गावातून घाट चढून जाणारी एसटी मिळाली, तिच्यात ते खिडकीशी बसले आणि शाळा येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी खाटेवर येऊन बसलो. आशा संपली होती. आदल्या दिवशी जे झालं, त्यानंतर आप्पा मला एक क्षणही इथं ठेवणार नाहीत, असंच मला वाटत होतं. दोराला लोंबकळलेला बाप घरी जाऊन काय सांगणार? पद्या माझ्या शेजारी बसला होता. त्यानं आपला लाडका पितळी भोवरा काढून गुपचूप माझ्या खिशात घातला.

आप्पा आले. कोट, टोपी, सगळं जागच्या जागी. तळहाताला चिंधी बांधलेली. माझ्याकडे न बघता ते ट्रंकेपाशी गेले. आता उचलणार, असं वाटून मीही उठलो.

"बस," ते म्हणाले, आणि खाली मांडी घालून त्यांनी गाठीला हात घातला.

गाठ हलेना. त्यांनी नखं लावली. चिंधी सोडून फेकली आणि पुन्हा नखं लावली.

"आप्पा, मी सोडू?"

"नको."

"चाकू आहे माझ्याकडे," पद्या म्हणाला. "एका मिनटात..."

"नको म्हटलं ना. मी बांधलीय, मीच सोडणार." त्यांनी वाकून काथ्या दातांत धरला. हिसका दिला, थुंकले, पुन्हा धरला. मी नुसता त्यांच्या टोपीकडे बघत बसलो होतो.

"काल बांधताना तुझे हात का थरथरत होते रे?" ते मान वर न करता म्हणाले. "एरवी बांधतोसच की."

"एरवी मीच उतरतो," मी म्हणालो. "काल तुम्ही उतरणार होतात."

आप्पांचे हात थांबले.

"ही बांधताना माझे नाही थरथरले," ते म्हणाले.

मग त्यांनी अंगठ्याचं नख गाठीच्या पोटात खुपसलं, दात घट्ट आवळून जोर केला, आणि काथ्या थोडा सैल झाला. तेवढं पुरलं. एक पदर निघाला, दुसरा निघाला, ट्रंक मोकळी झाली. आप्पांनी काथ्याचं नीट भेंडोळं केलं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

"दाखला नको म्हणून सांगून आलोय गुरुजींना," ते म्हणाले. "गादी पसर. खुंटीवर कपडे लाव."

मी त्यांच्या गळ्यात पडलो. आमच्या घरात असली पद्धत नव्हती, त्यामुळं त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी एक माझ्या डोक्यावर ठेवला. त्या हातावर काथ्याची तुसं चिकटली होती, ती टोचत होती.

पद्यानं आपला भोवरा माझ्या खिशातून परत काढून घेतला. आप्पांना हसू आलं.

बसस्टँडवर मी पोचवायला गेलो. आप्पा गाडीत चढले, खिडकीत बसले. गाडी सुरू झाली आणि मला एकदम आईची आठवण झाली. ती दारात उभी असणार, मी येतोय म्हणून.

"आप्पा, आईला काय सांगणार?" मी खिडकीबरोबर धावत विचारलं.

त्यांनी सोलवटलेला हात खिडकीबाहेर काढला आणि मला मागं व्हायची खूण केली.

"सांगतो तिला," ते ओरडले, "मी उतरून बघितलंय!"